पावसाळ्यातला फ्लू घरात, लोकलमध्ये आणि सोसायटीत पसरू नये म्हणून: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पाऊस स्थिरावला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या दवाखान्यांबाहेरच्या बाकांवर जागा मिळेनाशी होते. त्या गर्दीत डेंग्यू, मलेरिया, लेप्टो असे सगळेच ताप असतात. परंतु एकाच घरातली माणसे दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकामागून एक आडवी होत असतील आणि प्रत्येकाला तापाबरोबर खोकलाही असेल, तर ते बहुधा हंगामी फ्लूचे काम असते. हा आजार बहुतेकांना आठवडाभरात सोडून जातो. मात्र तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना तो न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो, आणि त्यांच्यापर्यंत तो पोहोचतो तो प्रायः घरातल्या धडधाकट माणसाकडूनच.

फ्लू रोखण्याच्या उपायांना एक उतरंड आहे. सर्वात वर लस, तिच्याखाली आजाराच्या पहिल्याच दिवशी घरी थांबणे, मग हवा खेळती ठेवणे, मग मास्क, मग हातांची स्वच्छता आणि सगळ्यात शेवटी दारे-टेबले पुसणे. आपल्याकडे हा क्रम पुष्कळदा उलटा लावला जातो: लिफ्टची बटणे दिवसातून दोनदा पुसली जातात आणि अंगात ताप असलेला माणूस पॅरासिटामॉल घेऊन त्याच लिफ्टने खाली उतरून स्टेशन गाठतो. पुढील मार्गदर्शनात उपाय याच उतरंडीने, पण वर्षाच्या आणि आजाराच्या क्रमाने मांडले आहेत.

आधी पसरण्याची रीत

हंगामी साथी इन्फ्लुएन्झा ए आणि बी या दोन प्रकारच्या विषाणूंमुळे येतात. ए प्रकारातले एच१एन१ आणि एच३एन२ हे उपप्रकार सध्या माणसांत फिरतात. २००९ साली ‘स्वाईन फ्लू’ म्हणून ज्याची धास्ती घेतली गेली, तो एच१एन१ आज हंगामी फ्लूचाच एक भाग झालेला आहे. त्यामुळे अहवालात ते नाव दिसले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि ‘साधाच फ्लू आहे’ म्हणून दुर्लक्ष करण्याचेही नाही.

लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस, बहुधा दोन दिवस जातात. संसर्ग देण्याची क्षमता मात्र लक्षणांच्या सुमारे एक दिवस आधीच सुरू होते, पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक असते आणि पाच ते सात दिवस टिकते. लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण त्याहूनही अधिक काळ विषाणू बाहेर टाकत राहतात. खोकताना, शिंकताना आणि बोलताना उडणारे मोठे तुषार साधारण सहा फुटांच्या आत खाली बसतात. सूक्ष्म तुषार मात्र बंद खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. स्टील किंवा प्लास्टिकसारख्या कठीण पृष्ठभागावर विषाणू एक ते दोन दिवस तग धरू शकतो, पण तिथून तो हातावर, हातावरून नाका-डोळ्यांपर्यंत पोहोचला तरच लागण होते. पुसापुशीचा क्रमांक शेवटचा लागतो तो यामुळे.

साधी सर्दी हळूहळू चढते. फ्लूचे तसे नसते. दुपारी ठणठणीत असलेल्या माणसाला संध्याकाळी कणकण, अंगदुखी, डोकेदुखी आणि कोरडा खोकला असे सगळे एकदम येते. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखणे, अंगावर पुरळ आणि उलट्या अधिक आढळतात, तर खोकला ठळक नसतो. गुडघाभर पाण्यातून चालून आल्यानंतर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि लाल डोळे असतील, तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो. कोविड आणि फ्लू यांत नुसत्या लक्षणांवरून फरक करता येत नाही. पसरू न देण्याची काळजी मात्र दोन्हींत सारखीच आहे.

एप्रिल-मे: लस

फ्लूचे विषाणू सतत बदलत असल्यामुळे आणि लसीपासून मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरत असल्यामुळे ही लस दरवर्षी घ्यावी लागते. लसीत कोणते विषाणू घ्यावेत याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या हंगामासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या हंगामासाठी. भारत उत्तर गोलार्धात असला, तरी महाराष्ट्रातली मोठी लाट युरोपप्रमाणे थंडीत नव्हे, तर पावसाळ्यात येते. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान दुसरी लाट येऊ शकते. म्हणून आपल्याकडे लस पावसाच्या आधी, म्हणजे एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंत घेणे श्रेयस्कर आहे. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. जून उलटला म्हणून मात्र लस टाळू नये, कारण साथ सुरू असेपर्यंत तिचा उपयोग असतो.

दवाखान्यात लस घेताना खोक्यावरील हंगामाचे वर्ष आणि मुदतीची तारीख पाहून घ्यावी आणि ‘उपलब्ध असलेली सर्वात अलीकडची लस हीच आहे का’ असे स्पष्टपणे विचारावे. या प्रश्नाने कोणत्याही डॉक्टरांना राग येण्याचे कारण नाही. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि गोठल्यास निकामी होते. मेडिकलमधून लस विकत घेऊन, ती पर्समध्ये टाकून, मे महिन्याच्या दुपारी रिक्षाने दवाखान्यात नेण्याची पद्धत त्यामुळे योग्य नाही. जिथे ती फ्रिजमध्ये साठवलेली आहे तिथेच टोचून घेणे उत्तम. नेण्याची वेळ आलीच, तर बर्फाच्या पिशवीसोबत, पण कागदात किंवा कापडात गुंडाळून न्यावी, जेणेकरून ती बर्फाला थेट टेकणार नाही.

लस सहा महिन्यांपुढील बहुतेक सर्वांना घेता येते. घराचे बजेट सगळ्यांना पुरणारे नसेल, तर क्रम असा लावावा: गरोदर स्त्री, पाच वर्षांखालील मुले, पासष्टीपुढील ज्येष्ठ, मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचे जुने आजार असलेले, कर्करोगावर किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार घेणारे आणि रुग्णालयात काम करणारे. घरात सहा महिन्यांखालचे बाळ असेल, तर त्याला लस देता येत नाही, म्हणून त्याच्याभोवतीच्या मोठ्यांनी घ्यावी. आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीचे संरक्षण बाळाला जन्मानंतरचे पहिले काही महिने मिळते, आणि इंजेक्शनची ही लस गरोदरपणाच्या कोणत्याही टप्प्यात देता येते. नऊ वर्षांखालील मुलाला आयुष्यात प्रथमच फ्लूची लस दिली जात असेल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. अशा मुलांच्या पालकांनी एप्रिलमध्येच सुरुवात केली, तर शाळा उघडेपर्यंत संरक्षण तयार होते.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या नागरी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रिया आणि जोखमीच्या रुग्णांसाठी लस उपलब्ध आहे का, याची चौकशी खासगी दवाखान्यात जाण्यापूर्वी अवश्य करावी.

‘लस घेऊनही फ्लू झाला’ ही तक्रार खोटी नसते. लसीतले विषाणू आणि फिरणारे विषाणू चांगले जुळलेल्या वर्षीही तिची परिणामकारकता साधारण ४० ते ६० टक्के असते. परंतु लस घेतलेल्यांत आजार गंभीर होण्याचे आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी राहते, आणि वृद्धांच्या बाबतीत हाच खरा हिशेब आहे. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसल्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखणे किंवा एखाद-दोन दिवस किंचित ताप येणे स्वाभाविक आहे. पूर्वी एखाद्या लसीने तीव्र ॲलर्जी झालेली असल्यास, अथवा त्या दिवशी अंगात ताप असल्यास, तसे डॉक्टरांना आधी सांगावे. ज्येष्ठांनी याच भेटीत न्यूमोकॉकल, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या एका प्रकारच्या न्यूमोनियाविरुद्धच्या लसीविषयीही विचारून घ्यावे.

मेअखेर: घराची तयारी

डिजिटल थर्मामीटर चालतो का ते पाहावे, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, तीन पदरी सर्जिकल मास्कचे एक खोके आणि घरात वृद्ध किंवा दम्याचा रुग्ण असल्यास पल्स ऑक्सिमीटर आणून ठेवावा. नियमित औषधे घेणाऱ्यांच्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवावी. रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या खिडकीवर हीच यादी सर्वप्रथम मागितली जाते. खिडक्यांना मच्छरजाळी आताच बसवून घ्यावी. डास येतात म्हणून संध्याकाळपासून सकाळपर्यंत खिडक्या बंद ठेवणारे घर डेंग्यूपासून स्वतःला वाचवता वाचवता फ्लूला मोकळे रान देत असते. जाळी असली की दोन्हींची सोय होते. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा तेलकट धुळीने जाम झालेला असेल, तर तो साफ करून घ्यावा. आणि आई-वडील दोघेही नोकरी करणारे असतील, तर मूल आजारी पडल्यास पहिले तीन दिवस कोण घरी थांबणार, याचा निर्णय आजाराच्या सकाळी नव्हे, आताच करावा.

लक्षणांचे पहिले ४८ तास

फ्लूचा सर्वाधिक प्रसार याच दोन दिवसांत होतो आणि आपण सर्वाधिक हयगयही याच दोन दिवसांत करतो. कणकण आली, अंग मोडून आले, की ‘गोळी घेतो आणि जातो’ हे उत्तर ठरलेले असते. पॅरासिटामॉल ताप उतरवते, परंतु नाका-घशातून बाहेर पडणारा विषाणू कमी करत नाही. गोळीमुळे बरे वाटणारा माणूस प्रत्यक्षात त्याच्या आजारातल्या सर्वात संसर्गजन्य दिवशी लोकलच्या डब्यात उभा असतो.

म्हणून पहिली पायरी अशी की संध्याकाळी कणकण जाणवताच दुसऱ्या दिवशी येणार नाही असा निरोप कामाच्या ठिकाणी द्यावा, ताप मोजून वेळेसह लिहून ठेवावा आणि त्या रात्रीपासूनच वेगळे झोपावे. ताप सकाळपर्यंत उतरला आणि पुन्हा चढला नाही, तर फार तर एक रजा वाया गेली, एवढेच.

हा सल्ला देताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कंत्राटावर असलेल्या कामगाराला, तुर्भ्याच्या बाजारसमितीत पाठीवर गोण्या वाहणाऱ्याला किंवा पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना ‘घरी थांबा’ म्हणजे ‘मजुरी सोडा’ असे ऐकू येते. त्यांना बेजबाबदार ठरवून साथ थांबत नाही. मावशींच्या घरी ताप असेल, तर तीन-चार दिवसांची भरपगारी सुट्टी देणे हा त्या पाचही घरांनी स्वतःसाठी केलेला उपाय ठरतो, आणि खर्चाच्या दृष्टीने तो एका तपासणीच्या फीपेक्षा फारसा महाग नाही. ज्यांना खरोखरच जावे लागते, त्यांनी संपूर्ण वेळ मास्क ठेवावा, शक्य असल्यास गर्दीची वेळ टाळावी आणि जेवणाचा डबा इतरांपासून दूर, उघड्यावर बसून खावा, कारण मास्क उतरतो तो जेवताना.

दुसरी पायरी डॉक्टरांची. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत फ्लूच्या रुग्णांचे तीन गट केलेले आहेत. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असलेले ‘अ’ गटातले रुग्ण घरीच राहून लक्षणांपुरते उपचार घेतात. त्यांना फ्लूच्या चाचणीची किंवा विषाणूविरोधी औषधाची गरज नसते, मात्र २४ ते ४८ तासांत त्यांची पुन्हा पाहणी व्हावी लागते. तीव्र ताप आणि घसादुखी असलेले, तसेच जोखमीच्या गटातले रुग्ण ‘ब’ गटात येतात. त्यांना डॉक्टर ऑसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध सुरू करू शकतात. धाप, छातीत दुखणे, ग्लानी अशी लक्षणे असलेला ‘क’ गट थेट रुग्णालयात दाखल करायचा असतो. ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. म्हणून घरातल्या गरोदर सुनेला किंवा मधुमेही सासऱ्यांना ताप आल्यावर ‘दोन दिवस वाट पाहू’ हे धोरण चालत नाही. त्यांना पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाहीत. ड्रॉवरमधली गेल्या वर्षीची अर्धी पट्टी संपवू नये आणि डॉक्टरांकडे ‘जरा स्ट्राँग काहीतरी द्या’ असा आग्रहही धरू नये. मुलांना आणि किशोरवयीनांना तापासाठी ॲस्पिरिन कधीही देऊ नये, कारण फ्लूमध्ये त्यामुळे यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा रेज सिंड्रोम होण्याचा धोका असतो. पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता मावळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके मोठ्यांनीही स्वतःहून घेऊ नयेत. हृदयरोगासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन रोज दिलेली असेल, तर ती परस्पर बंद न करता त्यांना विचारावे.

वन बीएचकेतले विलगीकरण

‘रुग्णाला स्वतंत्र, हवेशीर खोली द्यावी’ हे वाक्य वर्तकनगरच्या किंवा कोपरखैरणेच्या छोट्या घरात वाचणाऱ्याला हसू येईल. तरीही तिथे बरेच काही साधता येते, आणि त्यासाठी मुख्य गोष्ट समजून घ्यायची ती हवेच्या वाटेची. हवा निरोगी माणसांकडून रुग्णाकडे आणि तिथून बाहेर गेली पाहिजे. उलट दिशेने नव्हे.

वन बीएचकेत रुग्णाला बेडरूम द्यावी, दार लोटून घ्यावे आणि खिडकीशी टेबलपंखा बाहेरच्या दिशेला तोंड करून लावावा. त्यामुळे खोलीतली हवा बाहेर फेकली जाते आणि हॉलमधली हवा दाराखालच्या फटीतून आत ओढली जाते. याच वेळी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट जोरात चालू राहिला, तर नेमके उलटे घडू शकते. तो रुग्णाच्या खोलीतली हवा हॉलमार्गे ओढून घेतो. स्वयंपाकापुरता तो लावायचा असेल, तर स्वयंपाकघराची खिडकीही उघडी ठेवावी. दिशा ओळखण्यासाठी टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी दाराच्या फटीशी धरावी: पट्टी रुग्णाच्या खोलीकडे झुकली तर वाट बरोबर आहे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो, ताजी हवा आत आणत नाही. म्हणून आजाराच्या दिवसांत पंखा आणि उघडी खिडकी यांना पसंती द्यावी. पावसाची झड येत असेल, तर सरकती काच छज्ज्याच्या आडोशाने चार बोटे उघडी ठेवली तरी पूर्ण बंद खिडकीपेक्षा ते कितीतरी बरे.

एकच खोली असेल, तर रुग्णाची गादी खिडकीलगत घालावी, इतरांनी दाराच्या बाजूला झोपावे आणि रुग्ण व त्यांच्यात निदान सहा फूट अंतर राहील असे पाहावे. अशा घरात जागेपणी रुग्णाने मास्क वापरणे अधिक महत्त्वाचे ठरते. मधे साडीचा पडदा बांधल्याने विषाणू अडत नाही, उलट वारा खेळायचा थांबतो. त्यामुळे पडदा टाळावा.

रुग्णाची देखभाल एकाच व्यक्तीने करावी. ती शक्यतो लस घेतलेली असावी. गरोदर स्त्रीने किंवा वृद्धाने हे काम अंगावर घेऊ नये. खोलीत जाताना दोघांनीही मास्क लावावा, बाहेर आल्यावर साबणाने हात धुवावेत. ताटवाट्या नेहमीच्या साबणाने घासल्या की पुरे. त्या उकळत बसण्याची किंवा वेगळा संच घेण्याची गरज नाही. कपडे आणि चादरी न झटकता मशीनमध्ये टाकाव्यात. वापरलेले टिश्यू आणि मास्क कागदात गुंडाळून, पिशवीची गाठ मारून कचऱ्यात द्यावेत, कारण ते पुढे कोणाच्या तरी उघड्या हातात जाणार असतात. नळ, कड्या, फ्लशचे बटण आणि मोबाइल दिवसातून एकदा-दोनदा पुसावेत. त्यासाठी घरातले नेहमीचे क्लीनर चालते. ब्लीचिंगचे द्रावण आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. स्तनदा मातेला फ्लू झाला तरी तिने मास्क लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजणे चालू ठेवावे.

घरात ताप शिरला की आजी-आजोबांना तातडीने डोंबिवलीच्या किंवा साताऱ्याच्या नातेवाइकांकडे धाडण्याची प्रवृत्ती असते. हेतू चांगला असला, तरी त्यांना आधीच लागण झालेली असू शकते आणि ती चार दिवसांत उघड होते. त्या मुदतीत त्यांना दुसऱ्या वृद्धांच्या घरी पाठवणे म्हणजे आजार हातोहात पुढे देणे होय. त्याच घरात, वेगळ्या खोलीत त्यांना ठेवून दिवसातून दोनदा ताप पाहणे अधिक सुरक्षित आहे.

काढा, हळदीचे दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी घशाला आराम पडतो. तो घ्यावा, पण त्यामुळे लागण थांबते असे समजू नये. पातेल्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ लहान मुलांना देऊ नये. पातेले कलंडून मुले भाजतात. कापराच्या पुरचुंडीबाबत तर मी ठामपणे सांगेन की ती मुलांच्या गळ्यात बांधू नये, कारण कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येऊ शकतात.

लोकल, बस आणि रिक्षा

पावसाची सर आली की लोकलमध्ये एक ठरलेला प्रकार घडतो. खिडकीजवळचा माणूस शटर खाली ओढतो, समोरचा दुसरे ओढतो, आणि मिनिटभरात डब्याच्या त्या भागातला वारा बंद होतो. वरचे पंखे तीच हवा फिरवत राहतात आणि पाठीमागे कोणीतरी खोकत असते. ठाणे-वाशी मार्गावर ऐरोली ते तुर्भे एवढ्या वेळात अशा डब्यातल्या बऱ्याच जणांच्या श्वासांची देवघेव होते. सर थांबताच शटर वर करणे ही फुकट आणि परिणामकारक गोष्ट आहे. ती स्वतः करावी आणि शेजाऱ्यालाही सुचवावी. ताजी हवा हवी म्हणून दारात लटकू मात्र नये.

साथीच्या दिवसांत मास्क नुसता डब्यात नव्हे, तर गर्दीच्या पुलावर आणि फलाटावरही लावावा, विशेषतः घरात जोखमीचे कोणी असल्यास. नाकावरची पट्टी दाबून बसवावी. हनुवटीवरचा मास्क निरुपयोगी असतो. भिजलेल्या सर्जिकल मास्कने नीट श्वास घेता येत नाही आणि तो गाळण्याचे कामही नीट करत नाही, म्हणून दोन कोरडे मास्क प्लास्टिकच्या बंद पाकिटात बॅगेत असावेत. वृद्धांना किंवा दम्याच्या रुग्णांना प्रवास करावाच लागला, तर त्यांच्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ अधिक चांगला.

शेअर रिक्षात पावसामुळे दोन्ही बाजूंचे पडदे सोडलेले असतात आणि मागे तिघे बसलेले असतात. तो प्रवास दहा मिनिटांचा असला तरी मास्क ठेवण्याजोगा आहे. खांब, कड्या, पैसे यांना हात लागणारच. हात धुईपर्यंत तो नाका-डोळ्यांना लावू नये. पोहोचल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवावेत. साबण नसल्यास निदान ६० टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर वापरावे, मात्र ओल्या हातांवर ते पातळ होते आणि मळक्या हातांवर नीट काम करत नाही. आधी रुमालाने हात कोरडे करून मग ते चोळावे. खोकला आला आणि हाताशी रुमाल नसला, तर कोपराच्या आत खोकावे.

शाळा, कार्यालय, सोसायटी

आजारी मुलाला शाळेत पाठवू नये, हे सगळ्यांना माहीत असते. शंभर टक्के हजेरीचे प्रशस्तिपत्रक मात्र नेमके उलटे शिकवते. पालकसभेत हा मुद्दा मांडण्यासारखा आहे. पाळणाघरात मूल ठेवणाऱ्यांनी तापाबाबतचा तिथला नियम आधीच विचारून घ्यावा. कार्यालयांत सेंट्रल एसीमध्ये बाहेरची ताजी हवा किती घेतली जाते, हे देखभाल विभागाला विचारावे, आणि खोकणाऱ्या सहकाऱ्यासह बंद मीटिंग रूममध्ये तासभर बसण्यापेक्षा ती बैठक फोनवर घ्यावी.

सोसायटीच्या पातळीवर तीन गोष्टी पुरतात: पावसाळ्यातल्या बैठका बंद कार्यालयाऐवजी पार्किंगमध्ये किंवा पोडियमवर घेणे, जिन्याच्या खिडक्या उघड्या राहतील असे पाहणे आणि वॉचमनला आजारपणात बदली माणूस देणे. कोणत्या फ्लॅटमध्ये ताप आहे हे सूचनाफलकावर किंवा ग्रुपवर जाहीर करू नये. नावे उघड झाली की पुढच्या वेळी लोक आजार लपवतात. गणेशोत्सव साथीच्या ऐन भरात येतो. मंडप तिन्ही बाजूंनी ताडपत्रीने बंद न करता आडोसा ठेवून वारा खेळता ठेवावा, प्रसाद एकाच माणसाने पळीने वाढावा, आणि ज्याला ताप किंवा खोकला आहे त्याने त्या दिवशीची आरती घरूनच म्हणावी.

रुग्णालयात केव्हा न्यावे

श्वास घेताना धाप लागणे, छातीत दुखणे, रक्तमिश्रित थुंकी, ओठ किंवा नखे निळसर पडणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, रक्तदाब घटणे, लघवी फारच कमी होणे, अथवा ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी आकडा येणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये. मुलांच्या बाबतीत मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत: दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते अकरा महिन्यांत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असतील, तर तो वेग धोक्याचा आहे. श्वासाबरोबर बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, दूध-पाणी न घेणे किंवा जागे करूनही मूल न उठणे यांसाठी आकडे मोजत बसू नये. आणखी एक लक्षण सहज निसटते: ताप उतरून दोन दिवस बरे वाटल्यावर तो पुन्हा चढतो आणि खोकला वाढतो. फ्लूनंतर जिवाणूंचा न्यूमोनिया होतो तेव्हा बहुधा असेच घडते.

ठाणेकरांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईकरांना वाशीचे महापालिका रुग्णालय ही सार्वजनिक ठिकाणे आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. निघताना रुग्णाला मास्क लावावा आणि पोहोचताच खिडकीवर ‘ताप-खोकल्याचा रुग्ण आहे’ असे सांगावे, म्हणजे त्याला इतरांपासून वेगळे बसवता येते.

परत कामावर केव्हा

पॅरासिटामॉल न घेता सलग २४ तास ताप आलेला नसेल आणि बाकीची लक्षणेही उतरणीला लागली असतील, तेव्हाच बाहेर पडावे. ‘गोळी न घेता’ ही अट महत्त्वाची आहे. त्यानंतरचे पाच दिवस लोकलमध्ये आणि कार्यालयात मास्क ठेवावा, कारण थोडाफार विषाणू अजूनही बाहेर पडत असू शकतो. कोरडा खोकला दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक रेंगाळतो. तेवढ्यावरून माणूस संसर्गजन्य आहे असे ठरत नाही, परंतु तीन आठवड्यांनंतरही तो टिकला, तर छाती तपासून घ्यावी. थकवा पूर्ण जाईपर्यंत जिम आणि तलावपाळीच्या पहाटेच्या धावण्याला सुट्टी द्यावी. आणि त्या वर्षी लस राहून गेली असेल, तर बरे झाल्यावर ती घेण्यास हरकत नाही, कारण झालेला आजार एका विषाणूचा असतो आणि लसीत त्याखेरीज दुसऱ्यांपासूनचेही संरक्षण असते.